दुर्बिणीस न दिसणारें अम्लपित्त

“पित्त झालें आहे” हे शब्द ज्या घरांत महिन्यांतून एकदां तरी उच्चारले जात नाहींत, असें घर महाराष्ट्रांत शोधून काढणें कठीण. डोकें दुखलें कीं पित्त, मळमळलें कीं पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच, आणि छातींत जळजळलें तर विचारावयासच नको. इतक्या निरनिराळ्या तक्रारींना एकच नांव पडल्यामुळें त्यांचे उपायहि आपण एकाच डब्यांतून काढतों. कोणी आमसुलाचें पाणी घेतो, कोणी थंड दूध, कोणी खाण्याचा सोडा, आणि अलीकडे दुकानदाराकडे मागितली कीं मिळणारी गोळी. या सर्व पसाऱ्यांतून आज मी एकच तक्रार निवडून घेतों. जठरांतील आंबट रस वर अन्ननलिकेंत चढतो, छातीच्या मध्यभागीं आग होते, तोंडाशीं आंबट पाणी येतें, ती ही तक्रार. आणि तिच्यांतहि तो प्रकार, कीं ज्यांत दुर्बिणीनें आंत पाहिलें असतां कांहींच विकृति दिसत नाहीं.

पहिल्यानेंच सांगितलें पाहिजे कीं मी वैद्य नव्हे व डॉक्टरहि नव्हे. इंद्रायणीकांठीं देहूस राहणारा, आयुष्य खडू-फळ्याशीं घालविलेला, मॅट्रिकपर्यंत शिकलेला असा मी एक शाळामास्तर आहें. परंतु हें दुखणें मीं स्वतः सोसलें आहे, जाणत्या डॉक्टरांना त्याविषयीं प्रश्न विचारले आहेत, आणि जें समजलें तें मुलांना गणित सांगावें तसें पायरीपायरीनें आपणांपुढें मांडणार आहें.

अम्लपित्त हें नांव कांहीं नवें नव्हे. चरकसंहितेंत त्यास स्वतंत्र अध्याय नसला तरी काश्यपसंहितेंत त्याचें विवेचन आहे, आणि माधवकरांच्या निदानग्रंथांत त्याला निराळें प्रकरणच दिलेलें असून ऊर्ध्वग व अधोग असे त्याचे दोन भेद केलेले आहेत. आजच्या वैद्यकांतील हा विकार म्हणजे नेमकें तेंच प्रकरण, असा दावा मी करीत नाहीं. पण ‘ऊर्ध्वग’, म्हणजे वर जाणारें, हा शब्द आपल्या आजच्या विषयाला चपखल बसतो. कारण येथें दोष रस तयार होण्यापेक्षां तो भलत्या जागीं जाण्यांत अधिक असतो.

तो कसा, तें पाहूं. घशापासून जठरापर्यंत जाणारी अन्ननलिका सुमारें २५ सेंटिमीटर लांबीची असते. जठरांत हायड्रोक्लोरिक आम्ल असतें, हें विल्यम प्राउट या इंग्रज वैद्य-रसायनज्ञानें १८२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत दाखवून दिलें. जठराला आंतून श्लेष्म्याचें चिलखत असल्यामुळें त्याला हें आम्ल सोसतें. अन्ननलिकेला तसें चिलखत नाहीं. म्हणून दोहोंच्या सांध्यावर निसर्गानें स्नायूंची एक वळी बसविली आहे व श्वासपटलाचे स्नायू तिला बाहेरून आधार देतात. घास उतरतांना ही वळी सैल होते व लागलीच आवळली जाते. पोटांतील हवा ढेकरेवाटे जावी म्हणून ती मधूनमधून, गिळण्याची क्रिया चालूं नसतांहि, कांहीं सेकंद उघडते. त्या संधींत थोडा रस वर येतो. असें आपणां सर्वांचेंच होतें, विशेषतः जेवणानंतर. तो वारंवार येऊं लागला, किंवा आलेला रस लवकर परत उतरेनासा झाला, म्हणजे त्याला रोगाचें रूप येतें.

हा रोग आपल्याकडे किती ? भारतीय जठरांत्ररोगतज्ज्ञांच्या संस्थेनें देशाच्या निरनिराळ्या भागांतील ३००० हून अधिक लोकांची पाहणी करून तिचे निष्कर्ष २०११ सालीं प्रसिद्ध केले. त्यांत शेकडा ७.६ लोकांना आठवड्यांतून निदान एकदां तरी ही जळजळ किंवा आंबट पाणी वर येण्याचा त्रास होत असल्याचें आढळलें. म्हणजे साधारणपणें तेरा माणसांच्या पंगतींत एक.

आतां खरा प्रश्न. अशा रोग्यांच्या अन्ननलिकेंत दुर्बीण घालून पाहिलें, तर सर्वांना आंत ओरखडे वा व्रण दिसतील, अशी आपली सहज कल्पना होते. वस्तुस्थिति उलट आहे. जळजळीची तक्रार करणाऱ्या दहांपैकीं सहा ते सात जणांचें अस्तर डोळ्यांस स्वच्छ दिसतें. माझेंहि तसेंच दिसलें. अहवालावर ‘सर्व कांहीं ठीक’ असें लिहून आलें आणि घरच्यांचा जीव भांड्यांत पडला. तो पडावा हें योग्यच होतें. कारण मोठी भीति टळली होती. परंतु त्याच रात्रीं दीड वाजतां मला उठून बसावें लागलें, आणि पुढील आठवड्यापासून घरांतील बोलण्याचा सूर हळूहळू बदलूं लागला. “निवृत्तीनंतर उद्योग नाहीं, म्हणून लक्ष सारखें छातीकडे जातें” असें कोणीतरी प्रेमानेंच म्हणालें. श्रोतेहो, जखम दिसली असती तर माझी चौकशी झाली असती. न दिसल्यामुळें माझी समजूत काढली जाऊं लागली. या दोहोंत किती अंतर आहे, तें ज्यानें भोगलें असेल त्यासच कळेल. आणि हा अनुभव सासुरवाशिणीला, कारखान्यांतील कामगाराला व परीक्षेच्या विद्यार्थ्याला तर माझ्यापेक्षांहि अधिक जाचक होतो. कारण त्यांच्या दुखण्याला ‘काम टाळण्याचें निमित्त’ असें नांव सहज मिळतें.

मग जखम नसतां आग कां ? याचें उत्तर आपल्या स्वयंपाकघरांतच आहे. हिरव्या मिरच्या चिरणाऱ्या किंवा पाट्यावर ठेचा वाटणाऱ्या बाईचा हात पाहा. त्यावर ओरखडा नसतो, फोड नसतो, लालीहि फारशी नसते. पण त्या हाताची आग रात्रभर होते. तिला कोणी “तुझ्या मनाचे खेळ आहेत” असें म्हणत नाहीं. मिरचीचा तिखटपणा मज्जातंतूंवरील एका विशिष्ट ग्राहकद्रव्याला चेतवितो, आणि हें ग्राहकद्रव्य उष्णतेनें व आम्लानेंहि चेततें. त्याचा शोध १९९७ सालीं लावणाऱ्या डेव्हिड ज्युलियस या अमेरिकन शास्त्रज्ञास २०२१ सालच्या नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. शिवाय सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें असतां अशा पुष्कळ रोग्यांच्या अन्ननलिकेंतील पेशींमधील फटी रुंदावलेल्या दिसतात. भिंत उभी असते, पण विटांमधला चुना झिजलेला असतो. त्यांतून आम्ल खालच्या मज्जातंतूंपर्यंत पोंचतें. दुर्बिणीला भिंत दिसते, सांधे दिसत नाहींत. आणि एकदां मज्जातंतु हुळहुळे झाले म्हणजे थोडक्या रसानेंहि, क्वचित् नुसत्या हवेनेंहि, तीच आग उठते.

हें झालें कारण. आतां निदान कसें करावें, तें सांगतों. त्यांतील पहिली पायरी पित्ताची नव्हे, हृदयाची आहे. छातीच्या मध्यभागीं दाब किंवा आवळल्यासारखें वाटणें, कळ हातांत, जबड्यांत वा पाठींत जाणें, दरदरून घाम सुटणें, दम लागणें, चढण चढतांना त्रास होऊन थांबल्यावर कमी होणें, यांपैकीं कांहींहि असेल तर ‘पित्त असेल’ म्हणून सोडा घेऊन वाट पाहत बसूं नये. मधुमेही व वृद्ध माणसांत आणि स्त्रियांत हृदयविकाराचीं लक्षणें पुष्कळदां अशींच अस्पष्ट असतात. ढेकर येऊन बरें वाटलें, एवढ्यावरून हृदय निर्दोष ठरत नाहीं. अशा वेळीं १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व रुग्णालयांत हृदयाचा विद्युत्-आलेख काढून घ्यावा. तो निर्दोष निघाला तर कोणी हंसणार नाहीं. आणि कोणी हंसलेंच, तर हंसूं द्यावें.

दुसरी पायरी धोक्याच्या खुणांची. घास अडकणें, गिळतांना दुखणें, कारणावांचून वजन उतरणें, रक्ताची उलटी, डांबरासारखा काळा शौच, अंगांतील रक्त कमी होणें, अशी एक जरी खूण असली तरी दुर्बिणीची तपासणी लांबणीवर टाकूं नये. उतारवयांत प्रथमच सुरूं झालेल्या त्रासालाहि हाच नियम लागू समजावा.

अशा खुणा नसतील आणि जळजळ व आंबट पाणी हीं लक्षणें स्पष्ट असतील, तर डॉक्टर प्रथम चार ते आठ आठवडे आम्ल कमी करणारें औषध देऊन पाहतात. हा मार्ग सोयीचा आहे. पण औषधानें बरें वाटणें हा रोगाचा पक्का पुरावा नव्हे, आणि बरें न वाटणें हें रोग नसल्याचें प्रमाणपत्रहि नव्हे. केवळ औषध घेतल्याच्या विश्वासानें बरें वाटणारे लोक असतात; खरोखर आम्ल चढत असूनहि गोळीनें अर्धवटच आराम पडणारे लोकहि असतात. म्हणून त्रास चालूच राहिला, तर पुढची पायरी चढावी लागते.

ती पायरी दुर्बिणीची. येथें एक व्यावहारिक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. महिनोन् महिने गोळी घेऊन मग तपासणीला गेलें, तर असलेले ओरखडेहि भरून आलेले असतात व अस्तर स्वच्छ दिसतें. यासाठीं डॉक्टरांच्या सल्ल्यानें दोन ते चार आठवडे औषध थांबवून तपासणी केल्यास तिचा अर्थ अधिक खात्रीनें लावतां येतो.

दुर्बिणीला कांहीं दिसलें नाहीं आणि औषधानेंहि भागलें नाहीं, तर आम्ल मोजण्याची तपासणी करतात. नाकावाटे केसर-पेनाच्या रिफिलीहून बारीक अशी नळी अन्ननलिकेंत सोडून ती २४ तास ठेवतात. किंवा दुर्बिणीच्या साहाय्यानें एक लहानशी कुपी अस्तराला टांचून देतात, ती बिनतारी संदेशानें ९६ तासांपर्यंत नोंद पाठविते व पुढें आपोआप सुटून शौचावाटे निघून जाते. रोग्यानें या काळांत नेहमींप्रमाणें जेवावें, हिंडावें, आणि जळजळ झाली कीं जवळच्या यंत्रावरील कळ दाबावी. नंतर दोन गोष्टी पडताळून पाहतात : अन्ननलिकेंत आम्ल एकंदर किती वेळ राहिलें, आणि कळ दाबली त्या वेळीं खरोखर रस वर आला होता कीं नाहीं.

यांतील हिशेब माझ्यासारख्या मास्तरास फार आवडला. फ्रान्समधील लिऑन शहराच्या नांवानें ओळखलें जाणारें तज्ज्ञांचें एकमत २०१८ सालीं प्रसिद्ध झालें व पुढें २०२४ सालीं त्याची सुधारलेली आवृत्ति निघाली. त्याप्रमाणें आम्लाचा काळ एकंदर वेळेच्या शेंकडा ४ हून कमी असेल तर तो स्वाभाविक, ६ हून अधिक असेल तर रोग निश्चित, आणि मधला असेल तर इतर पुराव्यांची जोड पाहिजे. दिवसाचीं मिनिटें १४४०. म्हणजे सुमारें ५८ मिनिटांपर्यंत कोणाच्याहि अन्ननलिकेंत आम्ल असूं शकतें, आणि ८६ मिनिटांच्या वर गेलें म्हणजे तो रोग. ‘मनाचें दुखणें’ या वादाला मिनिटांत उत्तर देणारी ही तपासणी आहे.

तिच्यावरून स्वच्छ अस्तराच्या रोग्यांचे तीन वर्ग पडतात. पहिल्या वर्गांत आम्ल खरोखरच प्रमाणाबाहेर चढत असतें. जखम तेवढी झालेली नसते. दुसऱ्या वर्गांत रस चढण्याचें प्रमाण स्वाभाविक असतें, पण प्रत्येक वेळीं तो रोग्यास झोंबतो. येथें दोष मज्जातंतूंच्या हुळहुळेपणाचा. तिसऱ्या वर्गांत जळजळ आणि रस यांचा कांहींच मेळ बसत नाहीं. तिला कार्यजन्य जळजळ म्हणतात. पोटाच्या अशा विकारांच्या रोम येथील वर्गीकरणाच्या २०१६ सालच्या चौथ्या आवृत्तींत दुसऱ्या व तिसऱ्या वर्गांना स्वतंत्र स्थान दिलेलें आहे. लक्षांत घ्या, तिन्ही वर्गांतील माणसाची आग खरीच असते. भेद आगीच्या खरेपणांत नाहीं, कारणांत आहे. आणि कारण निराळें म्हणून औषधहि निराळें.

पहिल्या वर्गाला आम्ल कमी करणारें औषध उपयोगी. जठराच्या पेशींत आम्ल बाहेर टाकणारे सूक्ष्म पंप असतात. ते बंद पाडणारें ओमेप्राझोल हें औषध १९८८ सालीं बाजारांत आलें, व पँटोप्राझोल वगैरे त्याचींच भावंडें. हें औषध काम करणाऱ्या पंपांनाच पकडतें, आणि पंप कामाला लागतात जेवणामुळें. म्हणून गोळी सकाळच्या न्याहारीपूर्वीं अर्धा ते एक तास घ्यावयाची असते. पोहे खाऊन, चहा पिऊन, मग जळजळूं लागल्यावर घेतलेली गोळी म्हणजे वरात निघून गेल्यावर वाजविलेला सनई-चौघडा ! औषध लागू पडत नाहीं अशी तक्रार करणाऱ्यानें प्रथम आपली वेळ तपासून पाहावी. अर्थात् वेळ पाळूनहि व्रण नसलेल्या रोग्यांत या गोळ्यांचा गुण व्रण असलेल्यांपेक्षां कमी येतो, हेंहि खरें आहे.

ही गोळी कायमचीच, असें मात्र नाहीं. व्रण नसलेल्या रोग्याला आराम पडल्यावर डॉक्टर मात्रा उतरवितात किंवा त्रास होईल तेव्हांच घेण्यास सांगतात. स्वतःच्या मनानें एकदम बंद केल्यास कांहीं दिवस उलट अधिक आम्ल सुटतें. डेन्मार्कमधील एका प्रयोगांत, जो २००९ सालीं प्रसिद्ध झाला, १२० निरोगी माणसांपैकीं निम्म्यांना ८ आठवडे अशी गोळी देऊन मग बंद केली. तेव्हां पूर्वीं कसलाच त्रास नसलेल्या त्या लोकांतील पुष्कळांना जळजळ होऊं लागली. रोगी त्यावरून ‘गोळीवांचून माझें चालत नाहीं’ असा निष्कर्ष काढतो आणि वर्षानुवर्षें ती घेत राहतो. गोळी एकंदरींत निर्धोक असली तरी दीर्घकाळ घेणाऱ्यांत ‘ब-१२’ जीवनसत्त्व व मॅग्नेशियम कमी होणें, आंतड्यांचे संसर्ग होणें, असे प्रकार संभवतात. आपल्याकडे तिच्यासह डॉम्पेरिडोन हें दुसरें औषध एकाच गोळींत जोडून मिळतें. तें प्रत्येकास लागतेंच असें नाहीं, आणि ज्याच्या हृदयाच्या ठोक्यांत दोष आहे त्यानें तें डॉक्टरांस विचारल्यावांचून मुळींच घेऊं नये.

दुसऱ्या व तिसऱ्या वर्गांतील रोग्यांस मज्जातंतूंचा हुळहुळेपणा कमी करणारीं औषधें अगदीं लहान मात्रेंत देतात. हींच औषधें मोठ्या मात्रेंत उदासीनतेच्या विकारावर वापरतात, त्यामुळें चिठ्ठी वाचून घरांत कुजबूज सुरूं होते. ती होऊं देऊं नये. खरकट्या ताटासाठीं व देवाच्या उपकरणीसाठीं एकच चिंच वापरतात, म्हणून दोन्हीं भांडीं एक होत नाहींत. शांतपणें पोटानें श्वास घेण्याचा नित्य अभ्यास केल्यास श्वासपटलाचा आधार वाढून ढेकर व रस चढणें कमी होतें, असेंहि प्रयोगांत दिसून आलें आहे. तो तिन्ही वर्गांनीं करावा. शस्त्रक्रियेचा विचार मात्र आम्ल मोजून रोग सिद्ध झाल्याशिवाय करूं नये.

आतां पथ्याविषयीं. आमच्या पंचक्रोशींत चाकण, तळवडे, तळेगांव येथील कारखान्यांत पाळ्यांनीं काम करणारीं शेंकडों घरें आहेत. दुसऱ्या पाळीचा माणूस मध्यरात्रीं घरीं येतो, दिवसांतील सर्वांत मोठें जेवण तेव्हां जेवतो आणि लगेच आडवा होतो. पोट भरलेलें, झडप सैल आणि शरीर आडवें, याहून रसाला चढण्यास सोपी वाट कोणती ? जेवण व झोंप यांत तीन तासांचें अंतर असावें हा नियम; पाळीमुळें तें जमत नसेल तर मुख्य जेवण कारखान्यांतच मधल्या सुटींत उरकून घरीं हलकें कांहीं घ्यावें. रात्रीं त्रास होणाऱ्यानें पलंगाच्या डोक्याकडील पायांखालीं विटा देऊन ती बाजू १५ ते २० सेंटिमीटर उंच करावी; नुसत्या उशा रचल्यानें मान मोडते व पोट दाबलें जातें. डाव्या कुशीवर निजल्यानें जठर अन्ननलिकेच्या खालीं राहतें व चढलेला रस लवकर उतरतो. वजन वाढलें असल्यास तें उतरविणें हा तर गोळीच्या तोडीचा उपाय आहे. तंबाखू व मिश्री यांनीं झडप सैल होते. मिश्री लावणाऱ्या वडीलधाऱ्या बायकांना “पित्तावर मिश्री चांगली” असें वाटतें, तें अगदीं उलट आहे.

देहूच्या माणसानें उपवासाविषयीं बोलणें जरा नाजूक. पण ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण कांहीं मीं रचलेली नाहीं. दिवसभर रिकाम्या पोटीं चहा, आणि सायंकाळीं तुपांत परतलेली साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी व तळलेल्या पापड्या, यांत उपवासाचा हेतूहि साधत नाहीं व पोटहि सुखी राहत नाहीं. स्निग्ध पदार्थ जठरांत अधिक वेळ राहतात. वरीचे तांदूळ, ताक, फळें, थोडथोडें करून घेतल्यास व्रतहि राहतें व छातीहि. थंड दुधानें क्षणभर बरें वाटतें, पण त्यांतील प्रथिनें व कॅल्शियम यांमुळें पुढें आम्ल वाढतें. याखेरीज ‘हें खाऊं नका, तें खाऊं नका’ अशी लांब यादी मी देणार नाहीं. एका वहींत पंधरा दिवस काय खाल्लें, केव्हां निजलों, केव्हां जळजळलें, एवढें लिहून ठेवावें. ज्याला जें बाधतें तें त्यानें सोडावें. दुसऱ्याला बाधतें म्हणून आपलें ताट उगाच ओकेंबोकें करूं नये. ती वही डॉक्टरांपुढें ठेवली म्हणजे त्यांचाहि वेळ वांचतो.

अखेरीस दोन शब्द रोग्यास नव्हे, घरच्यांस. तपासणीचा स्वच्छ अहवाल ही आनंदाची वार्ता आहे. तिचा अर्थ इतकाच कीं जखम नाहीं, कर्करोगासारखें भय दिसलें नाहीं. दुःख नाहीं असा तिचा अर्थ नव्हे. ज्याला तुम्ही त्या कागदाच्या बळावर गप्प बसवाल, तो पुढें बोलेनासा होईल. आणि न बोलणारा रोगी दुकानांतून गोळ्या आणून वर्षें काढतो, किंवा एखाद्या दिवशीं खरोखरच हृदयाची कळ आली तरी ती पित्तच समजून अंगावर काढतो. तेव्हां पुढच्या खेपेस घरांतील कोणी “जळजळतें आहे” म्हणालें, तर “अहवाल तर ठीक आहे ना ?” असें विचारण्याऐवजीं “केव्हांपासून, आणि जेवण किती वाजतां झालें ?” असें विचारा. अर्धें निदान त्या प्रश्नांत आहे.